लेन्सला बांधायचा गरम पट्टा : नबल दीपगृहाच्या धुक्यात वापरून

वस्तू : कॅमेऱ्याच्या लेन्सला गुंडाळायचा, यूएसबीवर चालणारा हीटर पट्टा. किंमत २० डॉलरच्या आसपास. माझे गुण : पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कापलाय तो त्याच्या दिव्यासाठी, त्याबद्दल खाली सविस्तर चिडणार आहे.

ब्रँड विचारू नका. ऑनलाइन शोधलंत तर एकाच कारखान्यातून निघाल्यासारखे दिसणारे हे पट्टे निरनिराळ्या नावांनी विकायला असतात. तोच काळा कापडी पट्टा, तोच वेल्क्रो, वायरीवर तेच तीन पायऱ्यांचं बटण. आज एका नावाने मिळतो, पुढच्या महिन्यात ते नाव गायब. तेव्हा नावाला धरून बसू नका, जातीला धरा.

आजीच्या गुडघ्याला बांधायचा शेकाचा पट्टा असतो ना, अगदी तसाच, फक्त लेन्सच्या मापाचा. हे पट्टे बनतात ते दुर्बिणवाल्यांसाठी. रात्रभर आकाशाकडे तोंड करून ठेवलेल्या काचेवर दव बसू नये म्हणून. जाहिरातीत सगळीकडे आकाशगंगा. मी घेतला तो मात्र समुद्रकाठच्या एका दीपगृहासाठी आणि ऑक्टोबरातल्या धुक्यासाठी. या कामासाठी तो कसा आहे ते मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी जागा सांगते, कारण जागा कळल्याशिवाय पट्ट्याचं काम कळणार नाही. आम्ही राहतो न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआला. ऑक्टोबर आला की आमच्या इकडची झाडून सगळी मराठी मंडळी कँकमॅगसच्या रस्त्यावर लाल-पिवळी पानं बघायला जातात. जावं, रस्ता सुंदरच आहे. पण दर वळणावर पाच गाड्या थांबलेल्या आणि प्रत्येक ओढ्याकाठी कुणीतरी फेटा बांधून फोटो काढतंय, हे मला झेपत नाही. मी उलट्या दिशेला, समुद्राकडे जाते. मेन राज्यात शिरल्यावर थोड्याच वेळात यॉर्क नावाचं गाव लागतं. तिथे केप नेडिकच्या टोकाशी, किनाऱ्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर एक खडकाळ बेट आहे. त्यावरचं दीपगृह म्हणजे नबल. १८७९ साली ते पहिल्यांदा पेटलं. मनोरा तसा बुटका, ४१ फुटांचा, पण बेटाच्या उंचीमुळे दिवा समुद्रापासून ८८ फुटांवर जातो. बाहेरून ओतीव लोखंड, आतून विटा. शेजारी लाल छपराचं पांढरं घर, पांढरं कुंपण आणि एक छोटी लालभडक तेलाची खोली.

फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने नबलची गोष्ट अशी, की तुम्हाला बेटावर जाताच येत नाही. मध्ये चिंचोळी खाडी. अलीकडच्या काठावर सोहिअर पार्क, तिथल्या खडकांवर ट्रायपॉड लावायचा आणि समोर बघत बसायचं. इतर दीपगृहांपाशी धुकं आलं तर पुढे सरकता येतं, मागे जाता येतं, झाडाची फांदी मध्ये घेता येते. इथे जागा एकच. धुकं येणार, मनोरा गिळणार, परत ओकणार आणि तुम्ही तिथेच. म्हणजे कॅमेरा एकाच ठिकाणी, एकाच दिशेला तोंड करून तीन तीन तास दमट हवेत उभा. दव बसायला याहून चांगली सोय कुठली?

पहाटे अंधारात पोचलं की मी आधी नबलकडे बघत नाही. त्याच्या पलीकडे खोल समुद्रात बून आयलंडचं दीपगृह आहे, १३३ फूट उंच, न्यू इंग्लंडमधलं सगळ्यांत उंच. हवा स्वच्छ असेल तर त्याचा पांढरा ठिपका लुकलुकताना दिसतो. तो दिसेनासा झाला की समजायचं, धुकं निघालंय. हवामानाच्या ॲपपेक्षा हा दिवा मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता पट्टा. तो कुठे कामाला येतो आणि कुठे नाही हे नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर तुम्हीही ‘वेस्ट ऑफ मनी’ असं एक चांदणी देऊन मोकळे व्हाल. विक्रीच्या पानावर तसे बरेच जण झालेत.

सगळ्यांत जास्त उपयोग होतो तो धुकं यायच्या आधी. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण आकाश मोकळं असलं की काच आपली उष्णता वर फेकत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही एक-दोन अंशांनी गार होते. हवा दमट असेल तर तेवढं पुरतं. काच दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्याच्या, खाली गेली की तिच्यावर पाणी धरायला लागतं. आणि ते थेंब दिसावेत इतके मोठे नसतात हो. मागच्या पडद्यावर फोटो छान मऊ दिसतो, दिव्याभोवती गोड प्रभामंडळ दिसतं, आपल्याला वाटतं वा, धुक्याचा काय इफेक्ट आलाय. घरी मोठ्या पडद्यावर बघितलं की कळतं, धुकं हवेत नव्हतंच, काचेवर होतं. पट्टा बांधून, बटण मधल्या पायरीवर ठेवून कॅमेरा उभा केला की हा प्रकार बंद होतो. कमी होतो असं नाही म्हणत मी. बंद होतो. इथे पाचपैकी पाच.

एकदा का धुकं खरोखरच येऊन बसलं, की हिशोब बदलतो. डोक्यावर धुक्याचं पांघरूण आल्यामुळे काच आता आकाशाकडे उष्णता फेकून गार होत नाही. पण हवा पूर्ण भिजलेली असते, आर्द्रता १०० टक्के, आणि हवेत तरंगणारे बारीक थेंब स्वतःच येऊन काचेला चिकटतात. ते तर चिकटणारच. पट्टा करतो काय, तर चिकटलेला थेंब वाळवतो. हवा १० अंश सेल्सिअस असताना काच १३ अंशांवर राखली, तर काचेला लागून असलेल्या हवेची आर्द्रता १०० वरून ८२ टक्क्यांच्या आसपास येते. बारीक थेंब उडून जायला तेवढं पुरेसं आहे. तीन अंश म्हणजे किती, तर हाताला काच गारच लागते. म्हणून ‘पट्टा गरमच होत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी जरा दम धरावा. चटका बसेल इतका तापला तर उलट लेन्सच्या तोंडाशी गरम हवा थरथरेल आणि लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतलेला फोटो मऊ येईल. मी सर्वांत वरची पायरी फक्त सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं ठेवते, गाडीतून काढलेली लेन्स हवेच्या तापमानाच्या वर आणायला. मग मधली.

वारा सुटला की मात्र पट्टा हरतो. समुद्राकडून जरा बऱ्यापैकी वारा यायला लागला की एक तर काचेची ऊब तो घेऊन जातो आणि वर थेंबांचा नुसता मारा करतो. वाळायच्या आत नवीन थेंब हजर. अशा वेळी लांब हूड (लेन्सच्या पुढे लावायची नळी), मायक्रोफायबरचं फडकं आणि दोन फोटोंच्या मध्ये लेन्सवर उपडी टाकलेली टोपी, एवढंच खरं. विकणाऱ्याच्या पानावर याबद्दल चकार शब्द नाही.

आणखी एक गोष्ट तिथे नाही, ती म्हणजे मीठ. दुर्बिणवाल्यांना हा त्रास नसतो, त्यांचं दव गोडं. नबलच्या खडकांवर लाटा फुटतात, तुषार उडतात आणि ते धुक्यात मिसळून लेन्सवर येतात. पट्टा इमानदारीने पाणी वाळवतो, मीठ तिथेच राहतं. तासाभराने काचेवर पांढुरका पापुद्रा तयार होतो आणि मग दिव्याभोवती घाणेरडा लाल पसारा दिसायला लागतो. कोरड्या फडक्याने तो पुसू नका, मिठाचे कण काचेवर घासले जातील. मी छोट्या स्प्रेच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी नेते. फडक्याचा एक कोपरा ओला करून हलक्या हाताने टिपायचं, मग कोरड्या कोपऱ्याने पुसायचं. पट्टा नसताना हे मीठ थेंबांबरोबर पुसलं जायचं. म्हणजे पट्ट्याने एक काम वाचवलं आणि दुसरं लावून दिलं.

मग इतकं सगळं करून मिळतं काय? थांबायला मिळतं. नबलचा दिवा लाल आहे. तीन सेकंद पेटतो, तीन सेकंद विझतो. फिरणारा झोत नाही, त्यामुळे धुक्यात तलवारीसारखे किरण वगैरे दिसणार नाहीत, त्या अपेक्षेने येऊ नका. इथे दिसतं ते असं : दिवा पेटला की मनोऱ्याभोवतीचं धुकं आतून लाल होतं आणि विझला की सगळं पुन्हा निळं-करडं. सहा सेकंदांचं एक्स्पोजर ठेवलं, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवलं, तर कधीही बटण दाबा, तीन सेकंदांचा लाल त्यात येतोच. पण मला आवडतं ते दोन सेकंदांचं, दिवा पेटता पेटता दाबलेलं. लाल गडद येतो आणि धुक्याचे पदर पुसले जात नाहीत. हे जमायला दिव्याच्या तालात बसावं लागतं. दर वेळी फडकं घेऊन लेन्सशी झटापट करायची असेल तर तो ताल बसत नाही. शिवाय पुसताना ट्रायपॉडला धक्का लागून फ्रेम हलते ती वेगळीच. एकच फ्रेम, धुकं दाट-विरळ होत जाताना तासभर घेत राहायची, ही माझी आवडती पद्धत. ती या पट्ट्यामुळे शक्य झाली.

धुक्यातल्या एक्स्पोजरबद्दल दोन शब्द, विषय निघालाच आहे तर. कॅमेऱ्याचा मीटर धुक्याला करडं करायला बघतो, त्याला एक स्टॉप वर ओढा, म्हणजे दुप्पट उजेड द्या. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवू नका, पहाटेचा निळा रंग तो धुऊन टाकतो. मी ५२०० केल्व्हिनला ठोकून ठेवते. आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघताना लाल रंगाचा वेगळा आलेख बघा. एकत्रित आलेख सगळं ठीक असल्याचं सांगतो तेव्हा दिव्याचा लाल केव्हाच फुटलेला, म्हणजे तपशील जाऊन सपाट झालेला असतो. ऑटोफोकस धुक्यात भिरभिरतो, तो बंद करून मनोऱ्याच्या वरच्या कठड्यावर हाताने फोकस करायचा. इथे पट्ट्याची एक अडचण येते. तो चुकून फोकसच्या कड्यावर बांधला तर कडं फिरत नाही, आणि फिरवलं तर पट्टा सरकतो. अगदी पुढच्या काठाशी, हूडच्या मुळाशी बांधायचा. काही छोट्या लेन्सना तिथे जागाच नसते, त्यांच्यासाठी हा पट्टा निरुपयोगी आहे.

पुढे फिल्टर लावत असाल तर तेही ऐका. पट्टा लेन्सची नळी तापवतो, फिल्टरची काच त्याच्याही पुढे, मध्ये हवेची फट. पाणी आधी फिल्टरवर धरतं आणि पट्ट्याची ऊब तिथवर उशिरा आणि अर्धीमुर्धी पोचते. धुक्यात पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) तसाही फारसा काही करत नाही. काढून ठेवा.

आता तो दिवा. वायरीवरच्या बटणात तीन रंगांचा एलईडी आहे, कुठल्या पायरीवर आहे ते दाखवायला. इतका प्रखर, की पहाटेच्या अंधारात आपल्या ट्रायपॉडचा पाय, आपले बूट आणि शेजारचा खडक न्हाऊन निघतो. धुक्यात तर तो उजेड लेन्सच्या तोंडासमोर तरंगायला लागतो. अंधारात वापरायच्याच वस्तूला हा दिवा देणाऱ्या माणसाने ती अंधारात वापरली नसावी. काळी चिकटपट्टी लावली, विषय मिटला, पण अर्धा गुण गेला तो गेला. दुसरी तक्रार वायरीची. जिथे ती पट्ट्यात शिरते तिथे आधार नाही, रोज दुमडून ठेवली तर तिथेच तुटणार हे दिसतंय. मी पट्टा घडी न घालता गोल गुंडाळून एका जुन्या डब्यात ठेवते. वेल्क्रो चांगला आहे, ओला झाला तरी धरतो.

पॉवर बँक वेगळी घ्यावी लागते, ती किमतीत धरा. पट्टा वरच्या पायरीवर १० वॉटपर्यंत खातो. १०,००० एमएएचची बँक कागदावर ३७ वॉट-तासांची असते, प्रत्यक्षात तिसाच्या आसपास हाती लागतात. म्हणजे वरच्या पायरीवर तीन तास, मधल्या पायरीवर साधारण दुप्पट. थंडीत यातूनही थोडं वजा करा. बँक ट्रायपॉडला लटकवू नका, जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा आणि लांब वायर वापरा. खालच्या पायरीवर आणखी एक गंमत होऊ शकते. काही पॉवर बँकांना एवढासा प्रवाह ‘कुणी जोडलेलंच नाही’ असा वाटतो आणि त्या स्वतःहून बंद होतात. घरी आधी तासभर लावून बघा.

स्वस्तात काम भागवायचं असेल तर? सोहिअर पार्कात एक अमेरिकन आजोबा भेटतात. त्यांच्या लेन्सला जुन्या मोज्याची कापलेली बाही आणि तिच्यात हात शेकायच्या दोन पुड्या. माझा पट्टा बघून ते म्हणाले, “हे चार्ज करायला लागतं?” हो म्हटलं, तर नुसते हसले. पुड्या एक-दोन डॉलरला जोडी मिळते, वायर नाही, बँक नाही. पण त्या आतल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागते तेव्हाच तापतात. दमट मोज्यात घट्ट दाबल्या की अर्धवट तापतात आणि एकाच बाजूला जास्त ऊब देतात. एखाद्या पहाटेपुरतं बघायचं असेल तर आजोबांचा मोजा. दर शरद ऋतूत जाणार असाल तर पट्टा. चष्म्याला मारायचा अँटी-फॉग स्प्रे लेन्सवर कुणी सुचवला तर ऐकू नका, काचेवरचे लेप महाग असतात.

नवऱ्याचं म्हणणं वेगळंच. “अगं, वीस डॉलरचा पट्टा, तीस डॉलरची बँक, येण्याजाण्याचं पेट्रोल, आणि फोटोत दिसतंय काय, तर धुकं!” त्याला म्हटलं, अरे, धुक्याचेच पैसे आहेत ते.

भारतात घ्यावा का, असं माझ्या रत्नागिरीच्या मैत्रिणीने विचारलं. रत्नदुर्गावरच्या दीपगृहाचे फोटो ती पावसाळ्यानंतर काढते. तिकडे उलटा खेळ असतो. रात्रभर एसीत ठेवलेली लेन्स सकाळी बाहेरच्या दमट हवेत काढली की लगेच धुरकटते, आणि ती हवेच्या तापमानाला येईपर्यंत वाट बघावी लागते. तिथे पट्टा वरच्या पायरीवर लावला तर काच लवकर स्वच्छ होते, एवढा फायदा नक्की. पण त्यापेक्षा कॅमेऱ्याची बॅग आदल्या रात्री एसी नसलेल्या खोलीत ठेवली तर तेच काम फुकटात होतं. कोकणातला खरा शत्रू लेन्समधली बुरशी. तिच्यावर हा पट्टा काहीही करत नाही. त्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल, आणि जेल भिजलं की पुन्हा वाळवायचा आळस न करणं.

परत येताना एक लक्षात ठेवा. पट्टा काढला की लेन्स पुन्हा गार पडते आणि आपण गाडीत बसून हीटर लावतो. अशा वेळी व्ह्यूफाइंडरपासून मागच्या पडद्यापर्यंत सगळ्या कॅमेऱ्यावर पाणी धरतं. खडकावर असतानाच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि घरी पोचून तासाभराने उघडायचा. पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं, कॅमेरा कोरडा. मेमरी कार्ड आधी काढून खिशात टाकलं तर तेवढा धीर धरता येतो. मला तरी त्याशिवाय येत नाही.

घेणार असाल तर आधी माप घ्या. लेन्सच्या पुढच्या भागाला दोरा गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. ७७ मिलिमीटर फिल्टरच्या लेन्सचा घेर साधारण २६-२७ सेंटिमीटर भरतो. पट्ट्याची लांबी त्याहून चार-पाच सेंटिमीटर जास्त हवी, म्हणजे वेल्क्रोला धरायला जागा राहते. पण फार लांब घेऊ नका. एकावर एक आलेल्या दोन थरांपैकी बाहेरचा थर फक्त हवा तापवतो आणि बँक रिकामी करतो. बटण वायरीवर असलेलाच घ्या. पट्ट्यावरच बटण असलेला प्रकारही मिळतो, पण हातमोजे घालून ते दाबताना लेन्स हलते.